विठाबाईंची एकच गोष्ट

यंदा आठ मार्चला आमच्या महिला मंडळात विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्यावर एका मैत्रिणीने भाषण केलं. गोष्ट सगळ्यांच्या ओळखीची. दिवस भरलेली बाई बोर्डावर नाचत होती, कळा सुरू झाल्या, पडद्यामागे जाऊन बाळंत झाली, दगडाने नाळ ठेचली आणि पुन्हा नाचायला उभी राहिली. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मीही लावला. मग कॉलेजातल्या एका मुलीने विचारलं, "पण काकू, त्या गायच्या कशा?" कुणालाच सांगता येईना. मलाही नाही.

विठाबाई जानेवारी २००२ मध्ये गेल्या. तेव्हापासून त्यांच्याविषयी जे लिहिलं-बोललं जातं, ते बहुतेक या प्रसंगाभोवतीच फिरतं. त्याला दुसरा जोडतात तो शेवटच्या आजारपणाचा. राष्ट्रपतींकडून सन्मान मिळालेल्या बाईचं हॉस्पिटलचं बिल लोकांच्या देणगीतून भागवावं लागलं. हे सांगायलाच हवं. माझं म्हणणं एवढंच, की दोन्ही प्रसंगांत विठाबाई फक्त सोसतात. त्यांची कला कुठेच दिसत नाही.

तमाशा म्हणजे का नुसतं नाचणं? आधी गण, मग गवळण, बतावणी आणि रात्र चढेल तसा वग. गवळणीत कृष्णाशी लटकं भांडणाऱ्या बाईला वगात दुसरीच होऊन रडवावं लागतं. ढोलकी आणि हलगीच्या वर आवाज काढून शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवावा लागतो. त्यात फड सांभाळायचा म्हणजे सोंगाड्यापासून ढोलकीवाल्यापर्यंत सगळ्यांची पोटं सांभाळायची. पाडव्याच्या सुमाराला नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी जत्रेच्या सुपाऱ्या द्यायला येतात. तिथे भाव ठरतो तो कलेवर, दुःखावर नाही. विठाबाईंची मुलगी मंगला बनसोडे यांनी पुढे स्वतःचा फड चालवला. आईकडून त्यांनी नुसतं सोसणं घेतलं असतं, तर फड एक हंगामही टिकला नसता.

मग आपल्याला बाळंतपणच का आठवतं? कारण आपण तंबूत नव्हतोच. घरंदाज बायकांनी तमाशाला जायचं नाही, हा नियम आमच्या घरात होता, तुमच्याही असेल. बाळंतपण आपण जाणतो, ढोलकी जाणत नाही. तिला आई म्हणून घरात घेतलं, कलावंतीण म्हणून उंबऱ्याबाहेरच ठेवलं. नावातला 'मांग' शब्दही आपण भाषणात घाईघाईने उच्चारतो.

सामायिकात आपण चार विकथा टाळायच्या म्हणतो. त्यातली पहिली स्त्रीकथा. मला वाटायचं, ती म्हणजे शेजारणीच्या उखाळ्यापाखाळ्या. आता वाटतं, एखाद्या बाईचं उभं आयुष्य एका प्रसंगात कोंबून त्यावर हळहळणं, हीसुद्धा विकथाच. आणि अनेकांत मानणाऱ्यांनी तरी एकाच बाजूवर समाधान मानू नये.

आमच्या दुधनीला वारली माणूस एखाद्या गेलेल्या तारपावाल्याची आठवण काढतो, तेव्हा आधी त्याच्या दमाविषयी बोलतो. किती वेळ फुंक तुटू न देता वाजवायचा, नाचणारे कसे त्याच्यामागे फिरत राहायचे. घरची गरिबी नंतर येते, आली तर. कलावंताची आठवण अशी काढायची असते.

विठाबाईंना प्रत्यक्ष पाहिलेली माणसं आता थकली आहेत. तुमच्या माहेरी कुणी आजोबा, मामा चोरून तमाशाला गेले असतील. त्यांना या सुट्टीत विचारा, बाई मंचावर यायची कशी, आवाज कसा लागायचा, शिट्ट्या कुठे पडायच्या आणि तंबू गप्प कुठे व्हायचा. विचारताना लाजू नका. पुढच्या आठ मार्चला त्या मुलीला उत्तर द्यायचं आहे.