स्टँडर्डचं मौन : सी भाषेवर एक आक्षेप

मंडळी, सी भाषेतला प्रोग्राम कुठल्याही यंत्रावर नेता येतो, अशी तिची ख्याती. त्या ख्यातीबद्दल आज थोडी तक्रार.

कर्निगन आणि रिची यांचं 1978 चं पुस्तक घ्या. त्यात चार यंत्रांचा एक तक्ता आहे. पीडीपी-11 वर इंट 16 बिटांचा, आयबीएम 370 वर 32, हनीवेल 6000 वर 36. आणि कॅर? हनीवेलवर तो चक्क 9 बिटांचा! मला हा तक्ता फार प्रामाणिक वाटतो. माप यंत्राचं, भाषेचं नाही, हे उघड सांगितलंय.

1989 च्या अमेरिकन स्टँडर्डनं पुढे प्रतवारी केली. काही गोष्टी कंपायलरनं ठरवायच्या, पण लिहून ठेवायच्या. साधा कॅर ऋण संख्या धरतो की नाही, ही त्यातलीच. इंटेलवर बहुधा धरतो, एआरएमच्या लिनक्सवर बहुधा नाही. आता गेटकॅरचं उत्तर कुणी कॅरमध्ये ठेवलं आणि ईओएफशी ताडून पाहिलं, तर इंटेलवर फाईल संपली की लूप थांबतो. एआरएमवर थांबतच नाही, कारण ईओएफ ऋण आहे आणि तिथल्या कॅरमध्ये ऋण काही मावत नाही. हा दोष लिहिणाऱ्याचा. उत्तर इंटमध्ये घ्यायचं असतं. इथवर माझं भांडण नाही.

भांडण आहे ते 'अनडिफाइन्ड' या शब्दाशी. इंटची बेरीज मर्यादेबाहेर गेली तर काय होईल? स्टँडर्ड गप्प. तेव्हा ऋण संख्या मांडायच्या तऱ्हा यंत्रागणिक वेगळ्या होत्या, म्हणून हे मौन समजण्यासारखं होतं. पण कंपायलरवाल्यांनी त्याचा अर्थ काय लावला बघा : असं कधी घडणारच नाही! म्हणजे तुम्ही 'क्ष अधिक 100 हे क्षपेक्षा लहान झालं का' अशी तपासणी लिहिलीत, तर कंपायलर ती खुशाल काढून टाकू शकतो. मौन म्हणजे संमती, असं आपण म्हणतो. इथे मौन म्हणजे प्रोग्रामरनं दिलेलं वचन ठरलं, आणि त्याला बिचाऱ्याला पत्ताच नाही. तपासणी बेरजेच्या आधी करावी लागते : क्ष हा इंटच्या कमाल किमतीतून 100 वजा केल्यावर उरणाऱ्या संख्येपेक्षा मोठा आहे का, असं विचारायचं.

बरं, सी-23 नं ऋण संख्यांची एकच तऱ्हा मान्य केली, टूज कॉम्प्लिमेंट. मूळ कारण गेलं, मौन मात्र कायम. का? लूप वेगवान करायला ते कंपायलरला उपयोगी पडतं. वेग हवा, ही मागणी गैर नाही. पण मग यंत्रांच्या विविधतेची ढाल पुढे करू नये. लिनक्सचं कर्नल तर कंपायलरला 'नो स्ट्रिक्ट ओव्हरफ्लो' असं बजावूनच बांधतात. म्हणजे इतक्या यंत्रांवर चालणारा हा प्रोग्राम ज्या सीमध्ये लिहिलाय, ती स्टँडर्डमधली सी नव्हे.