खंदक एकच, पुस्तके दोन

आपल्या चर्चासत्रांतून आणि आता वर्गांतूनही एक वाक्य वारंवार कानी पडते: ज्याने भोगले त्यानेच लिहावे. एके काळी हे वाक्य शस्त्र होते. प्रस्थापित समीक्षक आमच्या जगण्यावर परस्पर निवाडे देत होते, तेव्हा त्यांना थोपवण्यासाठी ते उपसावेच लागले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण हल्ली त्या वाक्याला शेपूट फुटले आहे. ज्याने भोगले, त्याने लिहिलेले आपोआप खरे आणि आपोआप आमचे, असा त्याचा अर्थ लावला जातो. हे मला मान्य नाही. का मान्य नाही, ते सांगण्यासाठी मी मुद्दाम दूरचे उदाहरण घेतो. आपल्यातल्याच एखाद्या लेखकाचे घेतले तर वाद व्यक्तीभोवती फिरेल आणि मुद्दा बाजूला राहील.

२८ जून १९१४ रोजी साराएव्हो येथे ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला आणि पुढच्या पाचसहा आठवड्यांत युरोपातली बडी राष्ट्रे एकमेकांवर तुटून पडली. बर्लिन, पॅरिस, लंडन इथल्या चौकांत टोप्या उडाल्या. ख्रिसमसपर्यंत सगळे घरी परततील असे पुष्कळांना वाटत होते. सप्टेंबरात मार्न नदीवर जर्मनांची धाव अडली आणि वर्ष संपायच्या आत उत्तर समुद्रापासून स्वित्झर्लंडच्या सीमेपर्यंत सुमारे सातशे किलोमीटर खंदक खणले गेले. पुढची चार वर्षे माणसे त्या चरांत राहिली. चिखल, उवा, उंदीर, काटेरी तारा, विषारी वायू आणि डोक्यावर तोफांचा मारा.

या एकाच खंदकातून, एकाच बाजूने, दोन पुस्तके आली. एर्न्स्ट युंगरचे ‘पोलादी वादळात’ १९२० साली आणि एरिश मारिया रेमार्कची ‘पश्चिम आघाडीवर नवीन काही नाही’ ही कादंबरी जानेवारी १९२९ मध्ये. (ही नावे मी मराठीत केली आहेत.) आता भोगण्याचा हिशेब मांडू. युंगर युद्ध पेटताच स्वखुशीने भरती झाला, जवळजवळ चार वर्षे आघाडीवर राहिला, चौदा वेळा जखमी झाला आणि जर्मनीचे सर्वोच्च शौर्यपदक त्याला मिळाले. रेमार्क हा पुस्तकबांधणी करणाऱ्याचा मुलगा. सक्तीच्या भरतीत तो ओढला गेला, जून १९१७ मध्ये आघाडीवर पोहोचला आणि ३१ जुलैला तोफगोळ्याचे तुकडे लागून इस्पितळात गेला. म्हणजे जेमतेम काही आठवडे. भोगणे हीच कसोटी असेल तर रेमार्कने पेन खाली ठेवायला हवे होते. त्याच्या विरोधकांनी नेमके हेच म्हटले: हा आघाडीवर होता तरी किती दिवस?

युंगर खोटे लिहीत नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. तोफगोळा येताना कसा आवाज करतो, प्रेताचा रंग दिवसागणिक कसा बदलतो, हे त्याच्याइतके नेमके फार थोड्यांनी लिहिले असेल. डायरी हाताशी ठेवून लिहिलेले गद्य आहे ते. परंतु एवढे सगळे पाहणारा हा माणूस एक प्रश्न विचारत नाही: हे कोणासाठी? युद्ध त्याला निसर्गातल्या वादळासारखे वाटते. वादळाला कर्ता नसतो, म्हणून जाबही विचारता येत नाही. शिवाय तो लवकरच अधिकारी झाला. त्याच्या दिमतीला शिपाई होता. खंदकात सगळे समान असतात, असे म्हणणाऱ्यांनी हा दिमतीचा शिपाई शोधावा. चिखल सर्वांना लागतो, पण बूट कोण पुसतो हे चिखलावरून ठरत नाही.

रेमार्कची नजर वेगळी आहे, ती त्याने जास्त सोसले म्हणून नव्हे. जे सोसले त्याला त्याने जाब विचारला म्हणून. कांटोरेक हा शाळामास्तर वर्गातल्या पोरांना भाषणे देऊन भरतीच्या कचेरीपर्यंत नेतो. (मी स्वतः मास्तर आहे. माझ्या घराण्यात शाळेची पायरी चढलेला पहिला मीच. त्यामुळे ही पाने वाचताना मला बसल्या जागी चुळबुळ होते. पुढ्यात बसलेल्या पोरांना आपण काय म्हणून उठवतो?) हिमेलश्टोस हा गावचा टपालवाला. गणवेश चढला, चार पोरे हाताखाली आली, की तो त्यांना चिखलात लोळवतो. हा राक्षस नाही, तर थोडीशी सत्ता मिळालेला सामान्य माणूस आहे. गावगाड्यात वाढलेल्या कोणाही वाचकाला त्याची ओळख करून द्यावी लागणार नाही. २०२२ साली या कादंबरीवर जो जर्मन चित्रपट निघाला, त्यातून हा हिमेलश्टोस गायब आहे. चिखल आणि रक्त भरपूर, टपालवाला नाही. वेदना ठेवायची आणि ती देणारा हात कापून टाकायचा, असा हा प्रकार आहे.

नात्झींना मात्र ही कादंबरी बरोबर कळली. मे १९३३ मध्ये त्यांनी ती जाहीरपणे जाळली.

भाषेचाही प्रश्न आहे. आंरी बार्ब्यूस या फ्रेंच लेखकाने वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी साधा शिपाई म्हणून भरती होऊन ‘आग’ ही कादंबरी १९१६ साली, युद्ध चालू असतानाच, प्रसिद्ध केली. तिच्यात एक छोटे प्रकरण आहे. निवेदक काहीतरी लिहीत बसलेला असतो. एक शिपाई येऊन विचारतो, तुझ्या पुस्तकात आम्ही बोलतो तसेच बोलणार, की तू आम्हाला धुऊनपुसून घेणार? आमच्या शिव्या घालणार का? निवेदक घालीन म्हणतो. हा प्रश्न शिपाई विचारतो, समीक्षक नव्हे, हे महत्त्वाचे. आपल्याकडे शिव्यांबद्दलचा प्रश्न नेहमी शुचिर्भूत वाचकाने विचारला. ज्यांच्या तोंडी त्या होत्या त्यांना कोणी विचारलेच नाही.

पण रेमार्कपाशीही मी थांबू शकत नाही. त्याच्या कादंबरीचे दुःख हे की, शाळेतून थेट खंदकात गेलेल्या पिढीला परतायला जागा उरली नाही. नायक पाउल रजेवर घरी येतो. त्याची खोली, पुस्तके, काचेच्या पेटीत टाचलेली फुलपाखरे तशीच असतात, आणि ती आता त्याच्याशी बोलत नाहीत. हे दुःख खरे आहे. मात्र ते दुःख व्हायला आधी खोली असावी लागते, पुस्तके असावी लागतात.

त्याच तुकडीत हाइए वेस्टहुस नावाचा धिप्पाड गडी आहे. तो पीट कापणारा, म्हणजे दलदलीतला जळाऊ थर खणून काढणारा मजूर. युद्ध संपल्यावर काय कराल, अशा गप्पा निघतात तेव्हा हाइए म्हणतो, मी फौजेतच राहीन. रोज जेवण, झोपायला खाट, धुतलेले कपडे. बारा वर्षांनी पेन्शन आणि गावात पोलिसाची नोकरी. पीट कापण्यापेक्षा हे बरे. त्याचे सोबती ऐकतात आणि लेखक पुढे जातो.

मी पुढे जाऊ शकलो नाही. कारण हाइएचे बोलणे मला परके नाही. आमच्या माणसांसाठी छावणी म्हणजे गावकीतून सुटका होती, शाळा होती, पेन्शन होती. बाबासाहेबांचे वडील सुभेदार होते, हे सर्वांना ठाऊक आहे. गेल्या शतकाच्या आधीच्या दशकात ‘लढाऊ जातीं’चा सिद्धांत पुढे करून सरकारने महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली आणि शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली त्याविरुद्ध अर्ज केले. १९१७ मध्ये युद्धाला माणसे कमी पडू लागली तेव्हा १११ वी महार पलटण उभी राहिली, आणि गरज सरताच १९२१ मध्ये ती मोडली. युरोपातली शिकलेली पोरे खंदकातून बाहेर पडायला तळमळत होती, त्याच काळात आमची माणसे पलटणीत घ्या म्हणून अर्ज लिहीत होती. याला कोणी युद्धखोरी म्हणेल तर त्याने आधी हाइएची दलदल पाहावी.

रेमार्कने ती पाहिली नाही. हाइएला त्याने जागा दिली, पण दलदलीपर्यंत तो गेला नाही. पाठ फाटून हाइए मरतो, हे दोनचार ओळींत उरकते. त्यानंतर पाउल रजेवर जातो तेव्हा शाळासोबती केमरिशच्या आईला भेटतो. तुमचा मुलगा क्षणात गेला, त्याला काही यातना झाल्या नाहीत, असे शपथेवर खोटे सांगतो. तो प्रसंग विसरता येत नाही. हाइएच्या घरी कोण गेले, हे कादंबरीत नाही.