कुलूप, किल्ली आणि संगणक

विकर म्हणजे कुलूप आणि त्यात नेमका बसणारा रेणू म्हणजे किल्ली, असे आपण वर्गात सांगतो. एमिल फिशरने १८९४ साली दिलेली ही उपमा शिकवायला सोयीची आहे, आणि आमचे भांडण तिच्याशी नाही. बर्ड फ्लूच्या औषधांविषयी जे लोकप्रिय लेखन होते, त्यात मात्र ती फार ताणली जाते. तिथली कथा ठरलेली असते : शास्त्रज्ञांनी विषाणूचे कुलूप संगणकात ठेवले, हजारो किल्ल्या फिरवून पाहिल्या आणि औषध सापडले. या कथेतून जे गळते, तेच खरे तर सांगण्यासारखे आहे.

आधी कुलूप कोणते ते पाहू. एच५एन१ या नावातला 'एन' म्हणजे न्यूरामिनिडेज हे विकर. पेशीत तयार झालेले नवे विषाणू बाहेर पडताना पेशीच्या पृष्ठभागावरील सियालिक आम्लाला अडकून राहतात. हे विकर त्यांना सोडवते. ते बंद पाडले, की विषाणूचा प्रसार मंदावतो. स्फटिकावर क्ष-किरण सोडून त्याची त्रिमित रचना १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियात उलगडली गेली, पण ती एन२ या प्रकाराची होती. एन१ सुद्धा तसेच असणार, असे बराच काळ धरून चालले होते.

२००६ मध्ये नवापूरच्या कोंबड्यांत हा विषाणू भारतात प्रथम सापडला. त्याच वर्षी लंडनच्या एका गटाने बर्ड फ्लूच्या एन१ची रचना प्रसिद्ध केली. तीत सक्रिय जागेला लागून एक जादा पोकळी निघाली! १५० क्रमांकाच्या अमिनो आम्लाजवळचा साखळीचा वळसा उघडा असल्याने ती तयार होते, आणि औषध येऊन बसले की वळसा हळूहळू मिटतो. म्हणजे कुलूपच हलते. मग संगणकाला त्याचे कोणते रूप द्यायचे? सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील गटाने २००८ मध्ये विकराच्या हालचालीचे संगणकीय चित्रण केले, त्यातली वेगवेगळी रूपे निवडली आणि सुमारे दोन हजार संयुगे त्यांवर बसवून पाहिली. आम्हांला हे काम मोलाचे वाटते. पण हाती आली ती यादी, औषध नव्हे. अर्जांच्या छाननीत टिकणे म्हणजे नेमणूक नव्हे, हे शिक्षकांना आम्ही काय सांगावे!

'संगणकाने शोधलेले औषध' म्हणून झानामिविरचे उदाहरण हमखास दिले जाते. तिथे हजारोंतून निवड झालीच नव्हती. सियालिक आम्लासारखा एक रेणू विकराला अडवतो, हे आधीच माहीत होते. त्यात एका ठिकाणी धनभारित गट बसवला, तर पकड घट्ट होईल, असे संगणकाच्या आज्ञावलीने सुचवले. तो रेणू रसायनशास्त्रज्ञांनी बनवला, तपासला, आणि १९९३ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. औषध वापरात यायला १९९९ साल उजाडले. विकरात इतके चपखल बसणारे हे औषध पोटातून मात्र रक्तात जवळजवळ शोषलेच जात नाही. म्हणून त्याची भुकटी श्वासावाटे ओढावी लागते. खाचेत रेणू बसवून पाहणाऱ्या गणिताला रुग्णाचे आतडे दिसत नाही.

१९९९ मध्येच आलेले ओसेल्टामिविर तोंडाने घेता येते. पण ते बसण्यासाठी विकरातल्या एका अमिनो आम्लाला किंचित वळून जागा करून द्यावी लागते. २००५ मध्ये व्हिएतनाममधील रुग्णांत या औषधाला न जुमानणारा एच५एन१ आढळला. त्यात २७४ क्रमांकाचे अमिनो आम्ल बदललेले होते आणि त्यामुळे ते वळणेच अडले होते. झानामिविर मूळ शर्करेच्या अधिक जवळचे आहे. त्याला अशी जागा करून द्यावी लागत नाही, आणि ते या बदललेल्या विषाणूवरही चालते.