प्रवाळाचा सांगाडा आणि सांडपाणी : प्रा. मायकेल रिस्क यांच्या संशोधनाचा परामर्श

प्रवाळभित्तींच्या ऱ्हासाविषयीचे बरेचसे लेखन जीवशास्त्रज्ञांचे आहे, आणि जिवंत प्रवाळाने तळाचा किती भाग व्यापला आहे हे त्यांचे नेहमीचे माप होय. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात भूशास्त्राचे अध्यापन केलेले प्राध्यापक मायकेल रिस्क यांची दृष्टी प्रारंभापासून निराळी होती. व्हर्जिन बेटांविषयीचा त्यांचा १९७२ चा निबंध पाहावा. तळावर साखळी अंथरून त्यांनी पृष्ठभागाचा खडबडीतपणा मोजला आणि माशांची विविधता प्रवाळांच्या विविधतेशी नव्हे, तर या खडबडीतपणाशी निगडित असल्याचे दाखविले. भित्ती हा प्रथम एक खडक आहे, ही जाण येथेच व्यक्त झाली आहे.

खडक म्हटला की घडण आली, तशी झीजही आली. प्रवाळाचा चुनखडीचा सांगाडा पोखरणारे स्पंज पाण्यातील जीवाणूंवर पोसतात; सांडपाण्याने जीवाणू वाढले की पोखरणारेही वाढतात. ग्रँड केमन येथील भित्तीच्या सेंद्रिय प्रदूषण झालेल्या भागात अशा स्पंजांचा प्रादुर्भाव वाढल्याचे रिस्क व त्यांच्या सहकाऱ्याने १९८५ मध्ये नोंदविले. या विचाराची खरी कसोटी मात्र इंडोनेशियात लागली. तेथील १९९८ च्या सहलेखनात, जमिनीवरून येणाऱ्या प्रदूषणामुळे प्रवाळांची विविधता ३ मीटर खोलीवर ३० ते ५० टक्के आणि १० मीटरवर ४० ते ६० टक्के घटल्याचे दिसते. स्फोटके वा नांगर यांनी उद्ध्वस्त झालेल्या भित्तींवर उथळ पाण्यातील घट निम्मी भरते, पण १० मीटरवर ती सुमारे १० टक्केच राहते. स्फोटाची हानी डोळ्यांत भरते. गढूळ पाणी खोलवर पोचते.

२००० साली प्रसिद्ध झालेला या गटाचा पुढील निबंध अधिक मोलाचा मानावा लागेल. मरणोन्मुख भित्तींवरही प्रवाळांच्या वाढीचा वेग स्वाभाविकच असतो, हा त्याचा निष्कर्ष. वाढीचा वेग हे भित्तीच्या प्रकृतीचे लक्षण मानणाऱ्यांना हा मोठाच धक्का होता. जमेची बाजू ठीक असूनही खर्च अधिक झाल्याने भित्ती खचते, आणि तो खर्च सांगाडा चिरून आत पाहिल्याखेरीज दिसत नाही.

सांडपाण्याचा माग काढण्यासाठी रिस्क यांनी पुरस्कारिलेली नायट्रोजन-१५ या समस्थानिकाची पद्धती उपयुक्त खरी. तथापि तिची मर्यादाही ध्यानात घ्यावयास हवी. नायट्रेटचे जीवाणूंकडून विघटन होते तेव्हा हे प्रमाण नैसर्गिक रीतीनेही वाढते. निकटच्या निर्मळ भित्तीशी तुलना केल्यावाचून केवळ आकड्यावरून दोषारोप करणे धाडसाचे होय.

सागरविज्ञानाने जगातील प्रवाळभित्तींची निराशा केली, असे १९९९ च्या निबंधात रिस्क शीर्षकातच बजावतात. कारणाचा शोध न घेता वर्षानुवर्षे पाहणीच करीत राहण्यावरील त्यांची टीका अचूक आहे. स्वर मात्र कडवट आहे, आणि काळ तर विलक्षण प्रतिकूल. आदल्याच वर्षी, १९९८ मध्ये, तापलेल्या पाण्याने हिंदी महासागरातील चागोससारख्या निर्जनप्राय द्वीपसमूहातही प्रवाळ मोठ्या प्रमाणावर मेले. तेथे दोष द्यावयास शहराचे सांडपाणी नव्हते. किनाऱ्यालगतच्या भित्तींविषयीचे रिस्क यांचे निदान त्यामुळे खोटे ठरत नाही. परंतु त्यावरून साऱ्या भित्तींचा हिशेब मांडता येत नाही. त्यातही पोखरलेल्या सांगाड्याचा प्रवाळ तापलेल्या पाण्यापुढे अधिक लवकर हार मानतो की काय, हा दोन्ही कारणांना जोडणारा प्रश्न त्या निबंधाच्या कक्षेबाहेरच राहिला आहे.