नाक कोणी जोडले?

वस्तुसंग्रहालयात वस्तू जमवणाऱ्याचे नाव मोठ्या अक्षरांत असते. ती घडवणाऱ्याचे बहुधा अध्याहृत राहते. लंडनच्या वेलकम कलेक्शनमधील ‘मेडिसिन मॅन’ हे दालन २००७ पासून याच रीतीने उभे होते. औषधनिर्माते हेन्री वेलकम (१८५३–१९३६) यांच्या दहा लाखांहून अधिक वस्तूंपैकी निवडक वस्तू तेथे मांडल्या होत्या. वंशभेदावर व लिंगभेदावर आधारलेल्या वैद्यकेतिहासाची री हे दालन ओढते, असे सांगून संस्थेने नोव्हेंबर २०२२ मध्ये ते कायमचे बंद केले. हे निदान आम्हांस पटते; उपाय पटत नाही.

त्याच संस्थेच्या संग्रहातील कावसजीचे चित्र पाहावे. हा मराठा शेतकरी १७९२ च्या युद्धात इंग्रजी फौजेचे बैल हाकत होता. टिपूच्या कैदेत त्याचे नाक व एक हात कापला गेला. पुढे पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतील एका माणसाने त्याला नवे नाक बसवले. मेणाचा साचा कपाळावर ठेवून रेघ मारायची, भुवयांमधला दुवा राखून कातडी सोडवायची, पीळ देऊन खाली आणायची, काथाच्या लेपाने सांधायची आणि सुमारे २५ दिवसांनी तो दुवा कापायचा. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४ मध्ये हे छापले, जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये तेथे त्याच रीतीने शस्त्रक्रिया केली.

रुग्णाचे नाव उरले, चित्रकार जेम्स वेल्स यांचे उरले, कार्प्यू यांचे तर इतिहासात गेले. ज्याच्या हातांनी नाक घडले, तो मात्र केवळ जातीच्या उल्लेखाने उरला.

दोष केवळ लंडनचा नाही. आपणही या चित्रापुढे सुश्रुताचे नाव घेऊन मोकळे होतो. वस्तुतः सुश्रुतसंहितेत कातडी गालाची सांगितली आहे. येथे ती कपाळाची आहे. हा फरक कोणत्या हातांनी, किती पिढ्यांत घडवला, हे न विचारता आपण सारे श्रेय ग्रंथाला देतो. विलायतेने त्या कारागिराला संग्राहकामागे दडवले, आपण पोथीमागे.

दालन बंद केल्याने संग्राहकाचे नाव उतरते. कारागिराचे चढत नाही. त्याहून चित्र भिंतीवर राहावे आणि खाली स्पष्ट लिहावे: ‘शस्त्रक्रिया करणाऱ्याचे नाव नोंदलेले नाही.’ त्या उणिवेसमोर प्रेक्षक क्षणभर थांबला, तर प्रदर्शनाचे काम झाले असे आम्ही मानू.