हेलन : कथानकाबाहेरील नर्तिका

हिंदी चित्रपटातील नृत्याचा विचार आपल्याकडे दोन प्रकारे होत आला आहे. एक पक्ष त्याकडे सदभिरुचीच्या ऱ्हासाचे लक्षण म्हणून पाहतो. दुसरा, अलीकडचा पक्ष, गतकाळाच्या ओढीने त्याचे कौतुक करतो. हेलन या नर्तिकेच्या वाट्याला हे दोन्ही न्याय भरपूर आले. परंतु तिचे नृत्य प्रत्यक्ष कसे आहे, आणि त्याचे ज्या कथेत ते घडते तिच्याशी नाते काय, हा प्रश्न दोन्ही पक्षांनी जवळजवळ वगळलाच आहे.

चरित्राचा तपशील थोडक्यात सांगता येईल. जन्म १९३८ साली ब्रह्मदेशात. महायुद्धाच्या काळात आईबरोबर आसामपर्यंतची भयंकर पायपीट, तेथून कलकत्ता व पुढे मुंबई. कुक्कू या तत्कालीन प्रसिद्ध नर्तिकेच्या ओळखीने ‘शबिस्तान’ व ‘आवारा’ (१९५१) या चित्रपटांतील समूहनृत्यांत तिचा प्रवेश झाला. १९५८ च्या ‘हावडा ब्रिज’मधील एका चिनी वेषातील नृत्याने तिचे नाव झाले.

‘हावडा ब्रिज’ येथे जरा थांबून पाहण्यासारखा आहे. यात नायिका मधुबाला हीही हॉटेलात गाणारी व नाचणारीच दाखविली आहे. म्हणजे व्यवसाय एकच. पण एकीला कथा आहे, नाव आहे, अखेर नायक आहे, तर दुसरीला केवळ एक गाणे आहे. ओ. पी. नय्यर यांची चाल आणि गीता दत्त यांचा खट्याळ आवाज यांवर हेलन येते, नाचते आणि जाते. शक्ती सामंत यांच्या या चित्रपटात जी वाटणी दिसते, तीच पुढे वीस वर्षे कायम राहिली. नर्तिका परकी असावी, तिचे नाव रूबी, किटी किंवा मोनिका असावे आणि तिला कथेने पोटात घेऊ नये, असा जणू अलिखित करारच होता. ‘गुमनाम’ (१९६५) आणि ‘तीसरी मंझिल’ (१९६६) यांत तिला भूमिका मिळाल्या खऱ्या. परंतु दोन्हींत मरण हाच त्या भूमिकांचा शेवट आहे.

या कराराचा जाच ओळखूनही एक गोष्ट मान्य केली पाहिजे : कथेने वाऱ्यावर सोडलेल्या त्या चारपाच मिनिटांत हेलन संपूर्ण सत्ता गाजविते. तिच्या अंगविक्षेपांत वेग आहे, पण गडबड नाही. ठेका संपण्याच्या ठिकाणी शरीर नेमके थांबते. तिने मणिपुरी, भरतनाट्यम् व कथ्थक यांचे शिक्षण घेतले होते, आणि ‘गंगा जमुना’ (१९६१) मधील देशी वळणाच्या नृत्यात त्याची साक्ष मिळते. ‘प्रिन्स’ (१९६९) मध्ये तिची जुगलबंदी साक्षात वैजयंतीमालेशी आहे. पटकथेचा पक्षपात उघड आहे, पण पाहणाऱ्याची नजर पटकथेचे ऐकेलच असे नाही. माझ्या मते तिचे खरे वैशिष्ट्य चेहऱ्यात आहे. मादकतेच्या ऐन भरात तिच्या डोळ्यांत एक मिस्कील हसू असते. आपण एक सोंग वठवीत आहोत हे ती प्रेक्षकाला कळू देते. ‘इंतकाम’ (१९६९) मधील पिंजऱ्यातील पुरुषासमोरच्या नृत्यात हे हसूही पुरे पडत नाही. काळ्या रंगाने माखलेला तो ‘रानटी’ माणूस आज पाहताना लाज वाटते. लता मंगेशकरांचा आवाज त्या दृश्याला वाचवितो असे म्हणण्याचा मोह होतो; तथापि आवाज वाचतो, दृश्य वाचत नाही.

सत्तरीच्या दशकात या नृत्याचे कथेतील स्थान हळूहळू बदलले. ‘शोले’ (१९७५) मध्ये गब्बरच्या तळावर ती नाचत असताना त्याच्या दारूगोळ्याचा नाश करण्याचा बेत चाललेला असतो. ‘डॉन’ (१९७८) मधील कामिनी तर पोलीस येईपर्यंत डॉनला रोखून धरण्यासाठीच नाचते. येथे नृत्य म्हणजे वेळ विकत घेणे होय. कथा प्रथमच नर्तिकेच्या पायांवर अवलंबून राहते, आणि कामिनीलाही त्याची किंमत प्राणांनी द्यावी लागते.

मराठी वाचकाला ‘इन्कार’ (१९७७) मधील नृत्य अधिक जवळचे वाटेल. गुत्त्याची जागा, कोळी वळणाचे काष्ट्याचे नेसण आणि उषा मंगेशकरांचा स्वर. हाच स्वर पाच वर्षांपूर्वी ‘पिंजरा’तील लावण्यांतून घुमला होता. क्लबातील परकी मोनिका एकाएकी मुंबईच्या किनाऱ्यावरची होते, आणि तरीही कोठे विजोड दिसत नाही. फडावरची नर्तकी बैठकीच्या नजरेला नजर देते. हेलनही तेच करीत आली होती. तिचे ‘परकेपण’ हे वेषभूषाकाराचे व पटकथाकाराचे काम होते, नृत्याचे नव्हे, हे या एका गाण्यावरून सिद्ध होते असे मला वाटते.

अभिनयाचे फिल्मफेअर पारितोषिक तिला महेश भट्ट यांच्या ‘लहू के दो रंग’ (१९७९) मधील साहाय्यक भूमिकेसाठी मिळाले, म्हणजे पदार्पणानंतर सुमारे अठ्ठावीस वर्षांनी. पद्मश्री आली ती २००९ साली. दरम्यान, ज्या कित्येक चित्रपटांच्या कथा आज कोणालाही धड सांगता येत नाहीत, त्यांतील तिची नृत्ये मात्र लोक पुन्हा पुन्हा पाहत आहेत.