माग काढणे हे विज्ञान आहे काय?

धनुष्यबाणाने हरीण मारायचे तर त्याच्यापासून वीस-पंचवीस पावलांवर जावे लागते. बंदूकवाला दीडशे पावलांवरून नेम धरू शकतो, बाणवाल्याला ते जमत नाही. म्हणून बाणाने शिकार करणाऱ्याचे खरे काम बाण सोडण्याच्या कितीतरी आधी सुरू होते. हरीण पाण्यावर कोणत्या वाटेने येते, कोणत्या झाडाखाली थांबते, दुपारी कुठे बसते, वारा कोणत्या बाजूने वाहतो, हे सारे त्याला आधी पाहून ठेवावे लागते. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत शरद ऋतूत धनुष्यबाणाच्या शिकारीचा हंगाम कायद्याने उघडतो. तेथील शिकारी आधीचे काही आठवडे दुर्बीण घेऊन नुसते पाहत हिंडतात. आपल्याकडे असा हंगाम नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी घातली, आणि परवाना घेऊन शिकार करण्याची जी सोय त्यात उरली होती ती १९९१ च्या दुरुस्तीने गेली. पण जव्हार-मोखाड्याच्या घराघरांत तीरकामठा हा शब्द अजून आहे, आणि पाहून ठेवण्याची विद्याही आहे.

ही विद्या विज्ञान म्हणावी का? हा प्रश्न आमच्यापुढे आला तो एका पुस्तकामुळे. लुई लिबेनबर्ग या दक्षिण आफ्रिकी लेखकाचे 'द आर्ट ऑफ ट्रॅकिंग' हे पुस्तक १९९० साली केपटाउनहून प्रसिद्ध झाले. त्याचे उपशीर्षकच 'विज्ञानाचा उगम' अशा अर्थाचे आहे. कलाहारी वाळवंटातील सान शिकाऱ्यांबरोबर (यांना पूर्वी बुशमन म्हणत) लेखक स्वतः हिंडला, त्यांच्या मागे भर दुपारच्या उन्हात धावला, आणि त्यातून त्याने हा सिद्धांत मांडला: विज्ञानात आपण जी तर्कपद्धती वापरतो, म्हणजे तुटपुंज्या पुराव्यावरून अंदाज बांधायचा, अंदाज खरा असेल तर पुढे काय दिसायला हवे ते ठरवायचे आणि ते दिसते का हे जाऊन पाहायचे, तीच पद्धती माग काढणारा माणूस हजारो वर्षे वापरत आला आहे.

लिबेनबर्ग माग काढण्याचे तीन प्रकार करतो. पहिला अगदी साधा. ओल्या वाळूत ठसे स्पष्ट आहेत, एकामागून एक पाहत जायचे. दुसऱ्यात ठशांच्या जोडीला मोडलेली काडी, खाल्लेला शेंडा, लेंड्या, उलटलेला दगड अशा खुणा गोळा करून जनावर काय करत होते याचे चित्र जुळवायचे. तिसरा तर्काचा माग. खुणा संपल्या, आता काय? अशा वेळी माणूस स्वतःला विचारतो की मी हे हरीण असतो तर या उन्हात कुठे गेलो असतो, आणि मधली जमीन सोडून सरळ त्या ठिकाणी जातो. तेथे खूण सापडली तर अंदाज टिकला, नाही सापडली तर परत येऊन दुसरा अंदाज करायचा. पुस्तकाचा सगळा भर या तिसऱ्या प्रकारावर आहे, आणि पुस्तकातला सर्वांत चांगला भागही तोच आहे.

वाचताना आमच्या मनात पहिली शंका आली ती जमिनीची. कलाहारीत वाळू आहे. जव्हार आणि मोखाडा म्हणजे काळ्या दगडाचे पठार आणि त्याला पडलेल्या खोल घळी. पावसाळ्यात चिखल, थोडे दिवस ओली माती, आणि मग मार्गशीर्षापासून कडक झालेली जमीन व तिच्यावर सागाच्या पानांचा थर. त्या थरावर भेकरासारख्या हलक्या जनावराचा ठसा उमटत नाही. मग येथे माग काढणार कसा? विचार केल्यावर वाटले की ही शंका पुस्तकाच्या विरुद्ध जात नाही, उलट बाजूने जाते. जेथे ठसे नाहीत तेथे पहिल्या पावलापासून तर्कच करावा लागणार.

हे पडताळून पाहायची संधी आम्हाला एका पौष महिन्यात मिळाली. जव्हारच्या बाजूच्या एका आश्रमशाळेतील नववी-दहावीची मुले आणि आम्ही दोघे शिक्षक असे सकाळी सात वाजता रानात निघालो. बरोबर वही, मोजपट्टी आणि ठशाचा साचा घेण्यासाठी प्लास्टर ऑफ पॅरिस. एका ओढ्याच्या काठी अजून ओल होती. तेथे दोन टोकदार अर्धुके असलेला, जेमतेम साडेतीन सेंटिमीटर लांबीचा ठसा दिसला. भेकर! आम्ही उत्साहाने प्लास्टर कालवायला घेतले.

एक मुलगा हसला. म्हणाला, "सर, ते शेळीचं पिल्लू आहे."

कशावरून? त्याने ठशाकडे बोटही दाखवले नाही. त्याने दाखवली ठशाच्या बाजूने गेलेली बारीक गोल भोके, अडीच-तीन हातांवर एक. "भेकराच्या मागनं कोणी काठी टेकत जातं का?"

गुराख्याच्या काठीच्या खुणा आम्हाला दिसल्या नव्हत्या असे नाही. दिसल्या होत्या. पण आम्ही ठसा मोजत होतो, आणि तो मुलगा ठशाभोवती काय चालले होते ते पाहत होता. पुस्तकांतल्या ठशांच्या चित्रांचा हाच दोष आहे. पांढऱ्या कागदावर एकटा ठसा असतो, खाली सेंटिमीटरमधले माप असते, आणि शेजारून कोणी चाललेले नसते.

पुढे गेल्यावर एका ऐनाच्या सावलीत आवळ्याच्या बिया सापडल्या, स्वच्छ, गर निघालेल्या, मूठभर एकाच जागी. वर किंवा आसपास आवळ्याचे झाड नव्हते. मुले म्हणाली, येथे भेकर बसले होते. हे आम्हाला वाचून ठाऊक होते. चितळ, भेकर यांसारखे रवंथ करणारे प्राणी आवळा पडल्या जागी घाईघाईने गिळतात आणि नंतर निवांत बसून रवंथ करताना कठीण बी तोंडातून टाकून देतात. दक्षिणेतल्या मुदुमलाईच्या जंगलात संशोधकांनी याचा तपशीलवार अभ्यास केला आहे. मुलांनी तो वाचलेला असण्याची शक्यता नव्हती.

पण शेळीही रवंथ करते. मोरोक्कोत आर्गनच्या झाडावर चढणाऱ्या शेळ्या बिया अशाच थुंकतात, असे स्पॅनिश संशोधकांनी २०१७ साली दाखवले. मग ह्या बिया शेळीच्या कशावरून नाहीत? हा प्रश्न आम्ही टाकला तेव्हा मुलांत वाद झाला, आणि तो वाद ऐकण्यासारखा होता. एक म्हणाला, शेळ्या रात्री गोठ्यात रवंथ करतात, तेव्हा त्यांच्या बिया गोठ्यात पडायला हव्यात. दुसरा म्हणाला, दुपारी गुराखी जेवायला बसतो तेव्हा शेळ्याही सावलीत बसतात, मग? तिसऱ्याने तोड काढली: शेळ्या बसल्या असतील तर एकच ढीग नसेल, पाच-सात असतील. सगळे पांगले. ऐनाखाली दुसरा ढीग निघाला नाही. दुसऱ्या दिवशी दोन मुले पाड्यावरचे गोठे पाहून आली. तेथे आवळ्याच्या बिया होत्या.

लिबेनबर्ग म्हणतो ते आमच्या डोळ्यांदेखत घडले होते. अंदाज, त्यातून निघणारे भाकीत, प्रत्यक्ष जाऊन पाहणे, प्रतिस्पर्धी अंदाज. दहावीच्या प्रयोगवहीत आम्ही 'निष्कर्ष' या मथळ्याखाली आधीच ठाऊक असलेले वाक्य लिहून घेतो, त्यापेक्षा यात विज्ञान निश्चित जास्त होते.

तरीही 'विज्ञानाचा उगम' हा दावा आम्हाला पूर्ण पटत नाही. का, ते सांगतो.

माग काढणाऱ्याचा तर्क तपासला जातो तो जनावर सापडण्याने. चुकला तर संध्याकाळी चूल थंड. ही परीक्षा कडक आहे खरी, पण ती ठरावीक प्रश्नांचीच होते. हरीण कुठे आहे याचे उत्तर जंगल त्याच दिवशी देते. निघताना अमुक पक्षी डावीकडून ओरडला म्हणून शिकार मिळाली नाही, या समजुतीला जंगल काहीच उत्तर देत नाही. त्यामुळे एकाच माणसाच्या डोक्यात अचूक निरीक्षण आणि शकुन शेजारी शेजारी सुखाने राहतात. लेखक या समजुतींची दखल घेतो, पण त्या टिकतात कशा हा प्रश्न त्याने अधिक खोल न्यायला हवा होता.

आणि परीक्षाच काढून घेतली तर काय होते? याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. १९६६ च्या सुमारास ओडिशातील वनाधिकारी सरोजराज चौधरी यांनी पंजाच्या ठशांवरून वाघ मोजण्याची पद्धत बसवली. १९७२ च्या देशव्यापी गणनेत तीच वापरून १८२७ हा आकडा निघाला. प्रत्येक वाघाचा ठसा वेगळा ओळखता येतो, हे तिचे गृहीत. ते तपासायला उल्हास कारंथ यांनी पिंजऱ्यातल्या चारच वाघांचे ठसे अनुभवी अधिकाऱ्यांपुढे ठेवले, तेव्हा त्यांनी सांगितलेली संख्या चाराहून बरीच जास्त निघाली. ही टीका १९८७ साली प्रसिद्ध झाली. गणना तशीच चालू राहिली. २००५ साली सरिस्कात एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले, आणि त्यानंतर स्वयंचलित कॅमेऱ्यांवर व संख्याशास्त्रावर आधारलेली पद्धत देशभर आली. ठसा पाहणारे डोळे तेच होते. फरक एवढाच की शिकारी ठशाच्या शेवटी जनावरापाशी पोचतो. गणना करणारा ठशाशीच थांबला, आणि कागद वर पाठवला. म्हणजे विज्ञान डोळ्यांत किंवा तर्कात नसते, ते अंदाज पुन्हा जमिनीवर आपटून पाहण्यात असते, असे म्हणावे लागेल. हे लिबेनबर्गच्या विरुद्ध नाही, पण त्याच्या पुस्तकात जितके ठळक हवे तितके ठळक नाही.

याच संदर्भात ब्लर्टन जोन्स आणि कोनर या दोघांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या लेखाची आठवण होते. त्यांनी कलाहारीतील शिकाऱ्यांबरोबर प्राण्यांच्या वर्तनावर चर्चा-बैठकी घेतल्या. त्यांना आढळले की हे शिकारी 'मी पाहिले', 'मी मागावरून ताडले' आणि 'मी ऐकले' या तीन गोष्टी बोलताना काटेकोरपणे वेगळ्या ठेवतात, आणि एकमेकांवर शंकाही घेतात. आम्ही हे वाचले आणि मुलांच्या वह्यांत तीन रकाने आखले. शिक्षकांना एवढे तरी उद्या करता येईल. आमचा अनुभव असा की पहिल्या आठवड्यात 'पाहिले' हा रकाना भरगच्च असतो. महिनाभराने त्यातला निम्मा मजकूर मुले स्वतःच दुसऱ्या रकान्यात हलवतात. 'भेकर पाणी प्यायला आले' हे खोडून एकाने 'काठावर खूर, तोंड पाण्याकडे' असे लिहिले होते.

आता ज्या गोष्टीवर पुस्तक फारसे बोलत नाही, आणि आम्हाला बोलणे भाग आहे, ती. काठीच्या खुणा दाखवणाऱ्या त्या मुलाला आम्ही सहज विचारले, "हे तुला कोणी शिकवले?" तो गप्प झाला. बाकीची मुलेही गप्प झाली. आम्हाला आमची चूक उशिरा कळली. ज्याने शिकवले तो बाप किंवा आजा कधीतरी फास लावत असेल, तीरकामठा घेऊन जात असेल, आणि आम्ही त्याच्या नजरेत सरकारी माणसे. त्या मुलाकडे असलेले उत्तम ज्ञान हा त्याच्या घरावरचा पुरावाही आहे. लिबेनबर्गने यावर काढलेला मार्ग वेगळा होता. माग काढणाऱ्यांना राष्ट्रीय उद्यानांत नोकरी द्या, असे तो म्हणतो. न वाचता येणाऱ्यांनाही आपली निरीक्षणे नोंदवता यावीत म्हणून पुढे त्याने चित्रांवर चालणारी छोट्या संगणकावरची प्रणाली तयार करून घेतली, आणि ती आफ्रिकेबाहेरही वापरात आली. मार्ग चांगला आहे. पण नोकऱ्या थोड्या आणि मुले पुष्कळ. आमच्या मुलांचे आईबाप तर दिवाळीनंतर वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर असतात. त्यांना हे ज्ञान कोणत्या खिडकीवर नेऊन द्यायचे?

शिकार चालू राहावी असे आमचे म्हणणे नाही. भेकरे आधीच कमी आहेत. पण वर्गात एवढी काळजी घेता येते: कोणाकडून शिकलास हे विचारायचे नाही, कसे ठरवलेस हे विचारायचे. नागलीच्या शेतात रानडुकरे येतात तेव्हा माळ्यावर बसून राखण करणे तर उघड गोष्ट आहे; निरीक्षणाची वही तेथून सुरू केली की कोणाला लाजावे लागत नाही. जैवविविधता कायदा २००२ सालचा आहे, आणि त्याखाली गावाने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. अशी वही पाहाल तेव्हा तिच्यात प्राण्यांची नुसती यादी आहे, की 'पाहिले', 'ताडले', 'ऐकले' असे काही वेगळे केले आहे, हे जरूर पाहा.

आवळ्याच्या बियांचा निकाल अजून लागलेला नाही. ऐनाखालचा तो एकटा ढीग भेकराचा असावा असे बहुतेकांचे मत पडले, पण काठीवाला मुलगा तयार नव्हता. कळपातून मागे राहिलेली एक शेळीही एकच ढीग करील, असे त्याचे म्हणणे. येत्या हिवाळ्यात ढिगाजवळ लेंड्या आणि केस शोधायचे, आणि ज्या घळीत शेळ्या नेतच नाहीत त्या घळीतले ढीग मोजायचे, असे त्याने वहीत लिहून ठेवले आहे. तिसऱ्या रकान्यात काही लिहिलेले नाही.